दुपारी दोनचा ओव्हर

दिनांक : पौष पौर्णिमेच्या यात्रेनंतरचा सोमवार. वेळ : दुपारी पावणेदोन.
हजर : मी, इन्चार्ज सिस्टर. सकाळच्या ड्युटीची धाकटी सिस्टर. दुपारच्या ड्युटीला आलेले ब्रदर आणि त्यांच्यासोबतची मोठी सिस्टर.
गैरहजर : वॉर्डातल्या मावशी. रजा मंजूर. कारण : अर्जात त्यांच्याच अक्षरात, ‘देव आणायला जायचे आहे.’

माझ्या वहीतलं त्या दिवसाचं पान असं सुरू होतं. आमचं रुग्णालय नळदुर्ग आणि उमरग्याच्या मध्ये, हायवेला लागून आहे. तीस खाटा, एक ॲम्ब्युलन्स, आणि दिवसभर खिडकीच्या काचा हलवत जाणारे ट्रक. दुपारी दोन वाजता ड्युटी बदलते. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला खाटेमागून खाट पेशंट सांगत जाते : याचं सलाईन कधी संपेल, त्याचा ताप किती, हिला कुठलं इंजेक्शन राहिलंय. मग किल्ल्या, इमर्जन्सी ट्रे, ऑक्सिजनची सिलिंडरं मोजून दिली-घेतली जातात आणि बुकात दोन सह्या होतात. याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. माझ्या वॉर्डात ओव्हर अपुरा राहिला असं कधी झालेलं नाही. याचा मला अभिमान होता, तो लपवत नाही.

त्या सोमवारी मात्र माझ्या हातात ओव्हर बुक नव्हतं, आठवडाभराचे भरून आलेले फॉर्म होते.

फॉर्मची हकीकत अशी. त्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी आमचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं होतं. विषय, आरोग्य कर्मचाऱ्यांचा मानसिक ताण. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मनातलं बाहेर काढायची रोजची एक जागा असली पाहिजे. मला ते इतकं पटलं की परतीच्या एसटीतच मी रकाने आखायला घेतले. आज काय खुपलं? किती खुपलं, एक ते पाच? कोणाशी बोललात? नसल्यास कारण? एकूण सात रकाने. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स काढून, पंच करून फाइल टेबलावर ठेवली.

आता सोमवारी ती उघडली तर पहिल्या पानावर सातही रकान्यांत ‘निरंक’. दुसऱ्या पानावर निरंक. तिसऱ्यावर ब्रदरनी शब्द सात वेळा लिहायचा कंटाळा करून वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ मारली होती आणि रेघेवर ‘निरंक’.

“ब्रदर, बुधवारी त्या पेशंटच्या भावानं तुमची कॉलर धरली होती.”

“धरली होती, मॅडम.”

“मग इथं निरंक कसं?”

“लिहिलं असतं तर वरून विचारणा आली असती. कॉलर का धरू दिली, खुलासा सादर करा.”

मोठी सिस्टर तोंडाला ओढणी लावून हसली. मला राग आला, पण तो स्वतःचाच. बावीस वर्षं मीच या लोकांना शिकवलं होतं की कागदावर काही लिहिलं की त्याचा जाब द्यावा लागतो, म्हणून जपून लिहा. आणि त्याच हाताने मी त्यांना मनातलं लिहायला कागद दिला होता.

सगळ्यात खालचा फॉर्म धाकट्या सिस्टरचा. त्यावरही निरंक, सुरेख अक्षरात. आणि त्याच फाइलच्या मागच्या कप्प्यात तिचा राजीनामा होता, चार दिवसांपूर्वी दिलेला. तो माझ्या शेऱ्यासह वर पाठवायचा होता. मी तिला म्हटलं होतं, शनिवारपर्यंत माझ्याकडे राहू दे. शनिवारनंतरही तुझं हेच म्हणणं असेल तर पाठवते.

ही मुलगी उमरग्याकडची, पार सीमेजवळच्या वस्तीवरची. वडील मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर. घरात पगार घेणारी ही पहिली आणि गणवेश घालणारीही पहिलीच. हात इतका हलका की शीर न सापडणाऱ्या म्हाताऱ्या तिचं नाव घेऊन हटून बसायच्या. दीड वर्षात मी तिच्याबद्दल वहीत एकही तक्रार लिहिली नव्हती. अशी मुलगी हातची जाऊ द्यायची नाही, एवढं मी ठरवलं होतं. कसं, ते ठरलं नव्हतं.

राजीनाम्यात ‘घरगुती कारण’ लिहिलं होतं. खरं कारण आम्हा दोघींना माहीत होतं.

खाट क्रमांक नऊवर एक बाबा होते. पंचाहत्तरीचे, छातीचा आजार, अकरा दिवस झालेले. नातू पुण्याला, सून सकाळी डबा देऊन शेतात जायची. बाबा रोज सकाळचा चहा आला की या पोरीला म्हणायचे, “लेकी, बस. बशीभर माझ्याबरोबर घे.” ही रोज म्हणायची, “उद्या नक्की, बाबा.” अकराव्या दिवशी ती खरंच बसली. बाबांनी बशीत चहा ओतून तिच्याकडे सरकवला. तेवढ्यात मी टेबलावरून हाक मारली, “सिस्टर, सिलिंडरची नोंद राहिलीय. आधी ती करून जा.” ती उठली. “आले बाबा, पाच मिनिटांत,” म्हणाली. नोंद झाली, दोन ओळींची. ती परत गेली तेव्हा बशीतल्या चहावर साय धरली होती आणि बाबा गेले होते.

डॉक्टरांनी सांगितलं, ती बसून राहिली असती तरी हेच झालं असतं, हृदय थकलेलं होतं. हे खरं आहे. तरी त्या दिवसापासून तिनं एक गोष्ट सोडली, ती फक्त माझ्या लक्षात आली. खाटेवरून कोणी हाक मारली की ती ‘आले’ म्हणेना. हातातलं काम टाकून मुकाट जायची, नाहीतर जायचीच नाही. आम्हा सिस्टर लोकांचा दिवस ‘आले, आले’ म्हणण्यातच जातो. तो शब्द गेला की वॉर्डात उभं राहणंही अवघड.

“मेंढरं बरी, मॅडम,” ती राजीनामा देताना म्हणाली होती. “त्यांना रजिस्टर नसतं.”

मंगळवारी मावशी कामावर आल्या. कपाळभर भंडारा, गळा बसलेला, डोळ्यांत झोप आणि तोंडावर मात्र जत्रा. मावशी अणदूरच्या. अणदूरचा खंडोबा वर्षातले पावणेदोन महिने नळदुर्गला असतो आणि बाकीचे अणदूरला. मूर्ती तीच, देवळं दोन. पौषातली यात्रा झाली की अणदूरचे लोक नळदुर्गला जाऊन देव परत आणतात. मला हे माहीत होतं, या भागात कोणाला माहीत नसतं? पण मी कधी नीट विचारलं नव्हतं.

चहा घेता घेता मी सहज म्हटलं, “आणला का देव?”

“आणला की. कागुद करून आणला.”

“कसला कागद?”

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी थर्मामीटर म्हणजे काय असं विचारलं. “आवो बाई, देव देताना-घेताना लिहून द्यावं लागतं. कुणी दिला, कुणी घेतला, कवापोतर. दोन्ही गावचे मानकरी सह्या करत्यात. तवा देव हलतो. न्हायतर कोण देईल?”

“आणि कागदात देवाचं वर्णन वगैरे असतं?”

“वर्णन कशाला? देव काय भांडंकुंडं हाय? कुणी दिला आन् कुणी घेतला, संपलं. ज्यानं घेतला त्यानं तवर नीट सांभाळायचा. आंघोळ, निवद, समदं. आन् ठरल्या दिवशी परत.” मग चहाचा घोट घेऊन त्या म्हणाल्या, “देव झाला म्हून एकाच गावानं बाराही महिने खांद्यावर घ्यावा का काय!”

मी कप खाली ठेवला. बावीस वर्षं दिवसातून तीनदा मी जे करून घेत होते, तेच तर हे होतं! पेशंट देतो, किल्ल्या देतो, सिलिंडरं देतो, आणि जे सगळ्यात जड ते तसंच पर्समध्ये घालून घरी नेतो. आणि माझा फॉर्म चुकला तो नेमका कुठं, तेही मावशींनी एका दमात सांगून टाकलं होतं. मी काय-काय आणि किती-किती लिहायला सांगितलं. लिहायचं एवढंच, की कुणी दिलं, कुणी घेतलं, कधीपर्यंत.

फाइलमधले निरंक फॉर्म मी काढून टाकले आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर नवीन आखणी केली. तीन रकाने. देणार. घेणार. परत कधी. तिसऱ्या रकान्यात सगळीकडे आधीच लिहून ठेवलं : उद्या दुपारी दोन.

पावणेदोनला सगळ्यांना कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं. मी फार भरभर बोलत होते, हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. “पेशंटचा ओव्हर झाला की इथं यायचं. दोन मिनिटं. आज मनाला लागलेली एक गोष्ट, एकच, तोंडानं सांगायची. लिहायची नाही. घेणाऱ्यानं ‘घेतलं’ म्हणायचं आणि उद्या दोनपर्यंत सांभाळायचं. सल्ला द्यायचा नाही. उद्या हवं तर परत घ्या, नको तर राहू द्या.”

“सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, मॅडम?” ब्रदरनी विचारलं. “नैवेद्य दाखवायचा?”

“दावा की,” मावशी म्हणाल्या. “तुमाला कोन नगं म्हंतंय?”

मावशींनी अणदूरहून कागदाच्या पुडीत भंडारा आणला होता. वॉर्डात हळदीचा कणही चालणार नाही, हे मी बजावलं. मग एक झाकणाची डबी शोधून ती खोलीतल्या कपडे अडकवायच्या खिळ्याशेजारच्या फळीवर ठेवली. ज्याला हवा त्यानं जाताना लावावा. मोठी सिस्टर म्हणाली, “मी लावणार नाही, पण बिस्मिल्लाह म्हणून घेईन. चालेल ना तुमच्या देवाला?”

“न चालायला काय झालं?” मावशी म्हणाल्या. “त्याच्याकडं समदीच येत्यात.”

सुरुवात कोण करणार यावर सगळे भिंतीकडे पाहू लागले. मग मावशीच पुढं झाल्या. सकाळी एका पेशंटच्या सुनेनं त्यांना ‘ए, इकडं पुस’ म्हणून बोट दाखवलं होतं. “माझ्या नातीच्या वयाची हाय ती. लागलं मला.” मोठी सिस्टर म्हणाली, “घेतलं, मावशी.” झालं. दोन सह्या. मावशींचा अंगठा उठवायचा का विचारलं तर त्या चिडल्या. “सही येती मला! अर्ज कुणी लिवला व्हता?”

दारातून डॉक्टर डोकावले. काय चाललंय विचारलं. सांगितलं तर आत आले, आणि सगळ्यांना चकित करत म्हणाले, “एक माझंही घ्या. सकाळी एकानं ओपीडीत सगळ्यांसमोर मला हरामखोर म्हटलं.”

“द्या हिकडं,” मावशी म्हणाल्या. “उद्या दोनपोतर माझ्याकडं. शिव्यांचं काय, माझा मालक रोजच देतो, त्यातच ठिवते.”

हशा पिकला. त्या हशातच धाकटी सिस्टर बोलली. खाली बघून, एका दमात. बाबांची बशी, साय, पाच मिनिटं. टेबलावरची हाक तिनं सांगितली नाही. ‘मला जावं लागलं’ एवढंच म्हणाली. मी फळीवरच्या डबीचं झाकण घट्ट करत राहिले.

ब्रदर नेहमी सगळ्यावर काहीतरी बोलणारा माणूस. ते म्हणाले, “घेतलं.” आणि सही करून वॉर्डात निघून गेले.

बुधवारी पावणेदोनला ब्रदर खोलीत आधीच येऊन बसले होते. धाकटी आल्या आल्या त्यांनी सुरू केलं. “सिस्टर, तुमचे बाबा सांभाळले बरं का. ड्युटीला येताना नळदुर्गच्या ढाब्यावर थांबलो. दोन चहा सांगितले. पोऱ्याबिऱ्या नाही, मालकच घेऊन आला. म्हणाला, दुसरा कुणाचा? म्हटलं, आमच्या पेशंटचा. म्हणाला, कुठंय पेशंट? म्हटलं, येतोय पाच मिनिटांत. तर तो समोर बसूनच राहिला बघायला!”

“मग?” तिनं विचारलं.

“मग काय, दोन्ही मीच प्यालो. बाबांचा बशीतून. मालक म्हणाला, सिस्टर लोकांचं डोकं फिरतं म्हणून ऐकलं होतं, ब्रदरचं पण फिरतं का?”

ती आधी हसली. मग हसता हसता रडली, आणि रडणं थांबल्यावर म्हणाली, “बाबा फुर्र करून प्यायचे.” 

“फुर्र करूनच प्यालो,” ब्रदर म्हणाले. “परत घेता का ठेवू?”

“द्या. आज मी सांभाळते.”

त्या दुपारी तिनं माझ्यासमोर डबा उघडून पूर्ण खाल्ला. भाकरी, हुलग्याचं माडगं, वर शेंगाची चटणी. किती दिवसांनी, ते माझ्या वहीत आहे.

आणि गुरुवार! गुरुवारी सकाळी साडेदहाला मी स्टोअरमध्ये सलाईनच्या बाटल्या मोजत होते. चौतीसपर्यंत आले होते. वॉर्डातून खाट क्रमांक चारच्या आजींची हाक आली, “पोरी, अगं पोरी!” आणि लगेच, स्वच्छ, मोठ्यानं उत्तर आलं, “आले आजी, पाच मिनिटांत!”

मी मोजणी सोडली. आयुष्यात मोजणी मध्येच सोडलेली ही माझी पहिली वेळ असावी. दारात येऊन पाहिलं. तिनं एका पेशंटची पट्टी बांधून संपवली, हात धुतले आणि पाच मिनिटांच्या आत आजींच्या खाटेशी गेली. आजींना फक्त उशी उंच करून हवी होती. मी स्टोअरमध्ये परत गेले आणि बाटल्या पुन्हा एकपासून मोजल्या. एवढा आनंद झाला होता की दोनदा चुकले.

मला वाटलं, झालं. राजीनामा परत घ्यायला ती स्वतःच येईल.

शुक्रवारी ती आली खरी. दोनचा ओव्हर झाला होता, सगळ्यांनी आपापलं देऊन झालं होतं, खोलीत आम्ही दोघीच. मी फाइलच्या मागच्या कप्प्यातून तिचा कागद काढून पुढं केला. “घे. फाडून टाक आता.”

तिनं हात पुढं केला नाही. माझ्या तीन रकान्यांच्या कागदाकडे बोट दाखवलं. “मॅडम, चार दिवसांत सगळ्यांनी दिलं. डॉक्टरांनी दोनदा. तुमचं नाव ‘घेणार’मध्ये तीनदा आहे. ‘देणार’मध्ये एकदाही नाही.”

“माझं काय असणार? मी टेबलावर असते.”

“हाक टेबलावरूनच आली होती,” ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, “मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार पण नाही. पण रोज मी बाबांना एकटीच उचलते आणि तुम्ही झाकण घट्ट करता. तुम्ही द्या, मॅडम. मी घेते. मग मी कागद परत नेते.”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ॲम्ब्युलन्सचा भोंगा फाटकात शिरला. हायवेवर टेम्पो उलटला होता, चार जखमी. आम्ही दोघीही पळालो. तिची ड्युटी संपली होती तरी साडेतीनपर्यंत थांबली, दोघांना टाके घालायला डॉक्टरांना मदत केली, आणि उमरग्याच्या एसटीसाठी धावत सुटली. फाटकातून वळून ओरडली, “उद्या, मॅडम!”

भोंगा वाजला नसता तर मी बोलले असते का, याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नाही. घरी येऊन मी तीनदा सुरुवात करून पाहिली. ‘नोंद नंतरही होऊ शकली असती.’ ‘मला ती बसलेली दिसत होती.’ ‘बशी सरकवलेलीही दिसली होती.’ तिन्ही वाक्यं खरी आहेत. तिसरं सगळ्यात कठीण आहे, म्हणून बहुतेक तेच आधी बोलायला हवं.

आता शनिवारची सकाळ आहे, सात वाजून दहा मिनिटं. थर्मास भरून ठेवलाय. पिशवीत दोन बश्या घेतल्यात, कागदात गुंडाळून. तिची एसटी पावणेआठला येते. आजची यादी वहीत केली आहे : सलाईनची मागणी पाठवणे, खाट क्रमांक चारच्या आजींचा डिस्चार्ज, भंडाऱ्याच्या डबीला नवं झाकण. या सगळ्यांच्या वर, एक नंबरला : ओव्हर देणे. देणार : मी. घेणार : धाकटी सिस्टर.

झालेल्या कामापुढं मी बरोबरची खूण करते. या ओळीपुढचा चौकोन अजून रिकामा आहे.